अव्वा जेवल्या का?

आमच्या घरात कुणी रडलं तर ओळखू यायचं नाही, कारण आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येकाच्याच डोळ्यांतून पाणी वाहत असे. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, उचगाव रोडला मिरची कांडपाचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या अंगाला आम्ही राहायचो. लोखंडी मुसळांचं मशीन, ज्याला आमच्याकडं डंक म्हणतात, सकाळचा चहा झाला की सुरू व्हायचं ते दिवे लागेपर्यंत धपधपत राहायचं. सुटीच्या दिवशी ते बंद असलं की मला अभ्यास सुचत नसे. उन्हाळ्यात आसपासच्या घरांची वर्षाची चटणी आमच्याकडं कांडली जायची. चटणी म्हणजे बाहेरगावचे लोक समजतात ती ताटातली नव्हे. आमची चटणी म्हणजे तांबडं तिखट, त्यात भाजलेलं खोबरं, तीळ, धने, लसूण आणि प्रत्येक घराची आपली वेगळी खोड. बायका पाट्या घेऊन यायच्या, नंबर येईपर्यंत बाकड्यावर बसायच्या आणि शिंकत, नाक पुसत सासूपासून जावेपर्यंत सगळं बोलून मोकळ्या व्हायच्या. एखादी खरंच रडायची. शेजारची तिच्या पाठीवर हात ठेवायची, तिसरी म्हणायची, "माझ्या घरात काय येगळं चाललंय व्हय?" तेवढ्यात तिचं तिखट कांडून व्हायचं आणि ती डबा उचलून चालू पडायची. हे बघत मी लहानाची मोठी झाले. त्यामुळे दुःख झालं की माणसानं ते चारचौघांत बोलायचं असतं, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

ती समजूत आमच्या स्वतःच्या घराला लागू नाही, हे मला कॉलेजात असताना कळलं. अव्वा, म्हणजे माझी आई, दुकानातल्या भट्टीवर मिरच्या भाजायला बसायची. एका दिवाळीनंतर ती हळूहळू थांबत गेली. आधी वेणी घालायची थांबली, मग भट्टीवर बसायची थांबली. एका दुपारी भाकरीचं पीठ मळता मळता तशाच पिठाच्या हातांनी उठली, आतल्या खोलीत गेली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. पीठ परातीतच वाळून गेलं. त्यानंतर ती बहुतेक तिथंच असायची. घास भरवला तर खायची, नाही भरवला तर मागायची नाही. घरात भांडण झालं नव्हतं, कुणी गेलं नव्हतं, सांगता येईल असं कारणच नव्हतं, आणि तेच अप्पांना सोसवत नव्हतं. त्यांनी आधी दृष्ट काढली, मग पित्ताचं औषध दिलं, आणि शेवटी कोल्हापुरात एवढे डॉक्टर असताना पहाटेच्या एसटीनं तिला मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आजाराचं नावही सांगितलं. गोळ्या अप्पांनी घरी आणल्या, नाव तिथंच ठेवून आले. गिऱ्हाईक विचारायचं, "मालकीणबाई दिसत न्हाईत?" अप्पा डंकाचा पट्टा बघत सांगायचे, "मणक्यात गॅप हाय. डॉक्टरनं उठायचं न्हाय म्हणून सांगितलंय."

एवढ्या लपवाछपवीला कारण होतं. माझ्या थोरल्या बहिणीचं, सुवर्णाक्काचं, लग्न ठरलं होतं. मुलगा शिरोळकडचा, नाव बसवराज. घरचा ऊस, शिवाय स्वतः एका साखर कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर. आमच्या लिंगायतांत असं स्थळ दिवा घेऊन शोधलं तरी सापडायचं नाही, असं मध्यस्थी करणारे सिद्राममामा दर खेपेला चहाबरोबर ऐकवायचे. साखरपुड्याला आम्ही अव्वाला नवी इरकल नेसवली, पाठीला उशी लावली आणि खुर्चीत बसवली. होणाऱ्या विहीणबाई ओटी भरत होत्या आणि ती पंख्याकडं बघत होती. पाहुणे गेल्यावर अप्पांनी आम्हा दोघींना समोर बसवलं. "लगीन हुईस्तोवर ह्या घरातलं ह्या घरात. भायेर गेलं तर सुवर्णी जलमभर हितंच मिरच्या भाजत बसंल. कळतंय न्हवं?" अक्कानं मान हलवली. मीही हलवली.

अक्का भट्टीवर बसू लागली आणि अव्वाची खोली माझ्याकडं आली. भाताचा घास करायचा, तिच्या ओठांजवळ न्यायचा, ती तोंड उघडेपर्यंत हात तसाच धरायचा. केस विंचरताना ती डोकं सैल सोडून द्यायची. मला तिची कीव यायची आणि रागही यायचा, आणि खरं सांगायचं तर राग जास्त यायचा. बाहेर बाकड्यावर बायका लोकांच्या सुनांसाठी हळहळत असायच्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले की कुणीतरी विचारायचीच, "काय गं गिरजे, अव्वा कशी हाय?" मी म्हणायचे, "बरी हाय." ते दोन शब्द बोलून बोलून माझं तोंड कडू झालं होतं.

राजारामपुरीत कॉलेजच्या वाटेवर एक नेट कॅफे होता. प्लायवूडचे खोके, त्यांना फुलाफुलांचे पडदे, कीबोर्डवरची निम्मी अक्षरं बोटांनी पुसून गेलेली. त्या काळात एका साइटनं सगळ्या पोरापोरींना याड लावलं होतं. स्वतःचं एक पान काढायचं, फोटो लावायचा, एकमेकांच्या पानावर चार ओळी लिहायच्या. पुढं ती साइट बंद पडली आणि आम्ही लिहिलेलं सगळं तिच्याबरोबर गेलं. आज माझी भाची फोनवर अनोळखी माणसांना आपलं मन सांगत बसते, तेव्हा घरातले सगळे तिच्यावर ओरडतात. मी ओरडत नाही. मैत्रिणीनं मला तिथं खातं काढून दिलं. नाव मी 'चांदणी' घेतलं, फोटो मांजराचा लावला. कोल्हापूरकरांचा एक ग्रुप होता, तिथं तांबडा रस्सा कुठला भारी आणि कुठला पैलवान कुणाला आस्मान दाखवणार यावर रोज हाणामारी चालायची. एका दुपारी त्या रश्श्याच्या मधोमध मी इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत लिहिलं, 'माझी आई बोलत नाही, उठत नाही. घरी कुणाला सांगायची परवानगी नाही. मी काय करू?'

पहिलं उत्तर आलं, 'पावणं, कुठलं म्हणायचं?'

दुसऱ्या कुठल्या गावच्या पोरीनं हा प्रश्न सोडून दिला असता. पण आमच्याकडं कुणी 'कुठलं' म्हणून विचारलं आणि आपण गप्प राहिलो, तर तो उद्धटपणा होतो. बसमध्ये, दवाखान्यात, मयतीच्या घरीसुद्धा आधी 'कुठलं, कुणाच्यातलं' होतं आणि मगच पुढचं बोलणं. नाव लपवलेली, तोंडावर मांजर लावलेली मी अगदी अदबीनं उत्तर लिहून मोकळी झाले, 'उचगाव रोड. घरचं कांडप हाय.' उचगाव रोडला कांडपाची अशी कितीशी दुकानं होती? पण तेव्हा ते डोक्यातच आलं नाही.

मग उत्तरं यायला लागली. एकानं जोतिबाला नवस बोलायला सांगितला. एकानं 'मैत्री करणार का' म्हणून विचारलं. एकानं लिहिलं की बायकांना कामधंदा नसला की असंच होतं; त्याला मी जे लिहिलं ते इथं छापण्यासारखं नाही. आणि एकानं ग्रुपात काही न लिहिता थेट माझ्या पानावर एकच ओळ टाकली, 'तुमच्या अव्वा जेवल्या का आज?' त्याचं नाव होतं 'पाटाचं पाणी', फोटोच्या जागी उसाचा फड. बाई की पुरुष, म्हातारं की तरणं, काही कळायला मार्ग नव्हता. मी लिहिलं, 'चार घास.' त्याचं उत्तर आलं, 'चार म्हणजे बरेच झाले.'

त्या ओळीला मी नेट कॅफेच्या खोक्यात तोंडात ओढणी कोंबून रडले. इतक्या दिवसांत ते चार घास बरेच आहेत असं मला कुणी म्हटलं नव्हतं. नंतर मी जवळपास रोज जाऊ लागले. तो माणूस उपदेश करत नसे. त्याच्या चुलतीला असंच होत होतं, एवढं त्यानं सांगितलं होतं. 'ऊठ म्हणू नका, त्यानं त्या आणखी आत जातात. शेजारी बसून घरातलं बारीकसारीक बोलत राहा, उत्तराची वाट बघू नका,' असं एकदा लिहिलं होतं. मी तसं केलं. अव्वाच्या पाठीशी बसून कुणाच्या मिरच्या ओल्या होत्या, कुणाच्या धन्यांत खडे निघाले, असलं काहीबाही सांगू लागले. ती बोलत नव्हती, पण कधीतरी खांदा हलायचा. ते मी पळत जाऊन 'पाटाच्या पाण्या'ला सांगायचे. आणि एका वाईट दिवशी, तिनं ताट ढकलून दिलं आणि आमटी माझ्या अंगावर सांडली त्या दिवशी, मी त्याच्या पानावर लिहिलं, 'कधी कधी वाटतं अव्वा गेली तर ती पण सुटेल, आम्ही पण सुटू.'

हे वाक्य मी आजही मागं घेत नाही. जिनं कुणाला असं महिनोन्‌महिने भरवलं असेल तिला ते कळेल, आणि जिला कळणार नाही तिच्याशी वाद घालायचं माझं वय राहिलेलं नाही. पण त्या साइटवर एकमेकांच्या पानावर लिहिलेलं कुणालाही वाचता यायचं. मला ते माहीत होतं, तरी जाणवत नव्हतं. पडदा ओढला की मला वाटायचं आम्ही दोघंच आहोत.

चैत्रात एका सकाळी सिद्राममामांचा दुकानात फोन आला. अप्पा नुसतेच 'व्हय, व्हय' करत होते. फोन ठेवून त्यांनी डंक बंद केला आणि आमच्याकडं वळले. "रविवारी येत्यात शिरोळकर. त्येंच्या कानावर कायतरी गेलंय. अव्वाला बघायचंय म्हणत्यात." अक्काच्या हातातलं उलथणं भट्टीवरच राहिलं.  त्या दुपारी मी कॅफेत जाऊन पाहिलं. आपलं पान कोण कोण बघून गेलं, त्यांची नावं तिथं दिसायची. सिद्राममामांची मुलगी, स्वतःच्या नावाफोटोसकट, पुन्हा पुन्हा येऊन गेली होती. मी माझं लिहिलेलं सगळं पुसून टाकलं, पण वाचणारीनं वाचलं होतं. जाता जाता मी 'पाटाच्या पाण्या'ला लिहिलं, 'आमचं सगळं फुटलं. अक्काचं लग्न मोडणार.' त्याचं उत्तर लगेच आलं, 'घाबरू नका. खरं असेल ते सांगा.' मला संताप आला. फडात बसून खरं सांगा म्हणायला याचं काय जातंय, असं वाटलं.

रविवारी डंक बंद ठेवला होता. अक्कानं खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, शिजवली, वर तूप सोडलं. अव्वाला साडी नेसवली, पण खुर्चीत बसायला ती तयार होईना, म्हणून आतल्या खोलीच्या दाराला जाड पडदा लावून अप्पांनी ठरवलं की सांगायचं, आज पाठ जास्त धरलीय. विहीणबाई आल्या. ठेंगण्या, ताठ, नजर सगळीकडं फिरवणाऱ्या. "शरणार्थ, या, बसा," अप्पा म्हणाले. बसवराज मागं चपला काढत होता. मी त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या धरला. त्यानं तो घेतला आणि हळूच विचारलं, "अव्वा जेवल्या का आज?"

माझा हात तिथंच थांबला. लग्नाआधीचा जावई आमच्याकडं सासूला अव्वा म्हणत नाही. आणि तो 'आज' मी ओळखला. मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली. एका क्षणात मला आठवलं, याला मी काय काय सांगितलं आहे. हा आमची परीक्षा घेत होता की खरंच विचारत होता? मला तेव्हा ठरवता आलं नाही. एवढंच वाटलं की माझं म्हणून जे एक माणूस होतं तेही आता राहिलं नाही.

विहीणबाईंनी हुग्गीच्या वाटीला हात लावला नाही. "मणक्याची औषधं मिरजंला मिळत्यात व्हय? कोल्हापुरात न्हाय?" अप्पांनी काहीतरी सुरू केलं, त्यांनी ते पुरं होऊ दिलं नाही. "सिद्रामच्या पोरीनं वाचून दावलं मला. तुमच्या धाकटीनंच लिवलंय. अव्वा गेली तर ती बी सुटंल, आमी बी सुटू. पोटची पोरगी आसं लिवती. आसल्या घरातनं आमी सून न्यायची?"

डंक बंद होता. त्यांचा शब्दन्‌शब्द पडद्यापलीकडं गेला असणार, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. अप्पा माझ्याकडं नुसते बघत राहिले. अक्का म्हणाली, "गिरजे, खरं हाय हे?"

"व्हय," मी म्हणाले.

अक्का मला मारेल असं वाटलं. ती विहीणबाईंकडं वळली. "मणका न्हाय, आत्या. मनाचा आजार हाय. गोळ्या चालू हाईत. बरी कवा हुईल, म्हाईत न्हाय."

"सुवर्णे, गप," अप्पा म्हणाले, पण त्यात जोर नव्हता.

विहीणबाई जरा सबुरीनं बोलू लागल्या. "मोडायला आलो न्हाय आमी. पोरगी चांगली हाय. पण घाण्याला तिच्या आईस्नी म्होरं आणू नगा. मुसळ एखाद्या मावशीला धरू द्या. लग्नादिवशीबी आतच ऱ्हाऊ देत. कुणी इच्यारलं तर मणका सांगा, आमीबी तेच सांगू." घाणा म्हणजे लग्नाची हळद कांडायचा विधी. मुसळावर पहिला हात नवरीच्या आईचा असतो. ती असताना दुसरीनं धरायचं म्हणजे ती नाहीच असं धरून चालायचं. अप्पांचा चेहरा मात्र उजळला. "चालतंय की," ते लगेच म्हणाले. "त्यात काय एवढं."

"मला न्हाय चालत," अक्का म्हणाली. "माझी अव्वा जित्ती हाय."

 मग बसवराजनं आईकडं न बघता विचारलं, "आई, मग आपल्या काकूचं काय?"

"हितं काकूचा काय संबंध?"

"मळ्यातल्या खोलीत ठेवलीय न्हवं तिला? साखरपुड्याला ह्येंस्नी सांगितलं आपण? काशीला गेलीय म्हणूनच सांगितलं की." आता तो आईकडं वळला. "मला हितलं समदं म्हाईत हुतं. मला कुणी फसवल्यालं न्हाय. आपण फसवलंय."

विहीणबाईंनी पदर सावरला, परत सावरला. पण अक्काचं अजून व्हायचं होतं. तिनं त्याला सरळ विचारलं, "म्हाईत हुतं? आन माझ्याशी एक अक्षर न्हाय?"

"तुमचा फोन दुकानात. दर खेपंला मामा शेजारी हुबं. मग तुमी तरी कशा बोलल्या आसत्या? म्हणून हिला इच्यारत हुतो."

"मग हिला तरी नाव सांगायचं," अक्का म्हणाली.  तेच मी त्याला आजही अधूनमधून विचारून बघते.

"गाडीत बोलू," एवढं म्हणून विहीणबाई उठल्या. हुग्गी तशीच राहिली. पुढं लग्न झालं, हे सांगायला हरकत नाही. घाणा आम्ही अव्वाच्या खोलीतच भरला. पाच सुवासिनी दाटीवाटीनं आत बसल्या, अव्वानं पडल्या पडल्या मुसळाला हात लावला आणि विहीणबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. काकू मात्र लग्नात दिसल्या नाहीत. त्यांना घरात आणायला अक्काला पुढची काही वर्षं भांडावं लागलं. अव्वा बरी झाली असंही मी म्हणणार नाही. ती उठली, परत पडली, परत उठली.

पण त्या रविवारी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. पाहुण्यांची गाडी गेली, अप्पांनी सुटी असूनही डंक सुरू केला आणि एकही मिरची न घालता तो रिकामाच चालू ठेवला. अक्का वाट्या उचलत होती, माझ्याशी बोलत नव्हती. मी पडद्याजवळ उभी होते आणि माझी आत जायची हिंमत होत नव्हती. तिनं ते वाक्य ऐकलं होतं. लग्न मोडलं असतं तर मी एखादवेळेस सोसलं असतं. पण ती आता माझ्या हातून घास घेईल का, हे मला काही सुचू देत नव्हतं.

"गिरजे." आतून हाक आली. कितीतरी दिवसांनी तिनं माझं नाव घेतलं होतं. मी गेले. ती भिंतीकडंच तोंड करून होती.

"त्या बाई म्हणत हुत्या, ते तू लिवलंस?"

"व्हय, अव्वा."

"कुणाला?"

"वळखीचं कुणी नसतंय तितं. कुठली कुठली माणसं आसत्यात. त्येंस्नी सांगायचं."

 मी तिच्या पाठीशी बसले. डंकाच्या धक्क्यानं खाट हलत होती. मला माफी मागायची होती, पण ती खोटी वाटली असती.

"मलाबी तसंच वाटतंय," ती म्हणाली. "रोज वाटतंय. मला वाटायचं, मला एकटीलाच."

मग ती हातावर जोर देऊन सावकाश माझ्याकडं वळली. तिच्या गालावर उशीची घडी उमटली होती.

"परत जाशील तवा इच्यार त्येंस्नी," अव्वा म्हणाली, "आनिक कुणाला हुतंय का आसं. आन काय म्हणत्यात, ते मला यिऊन सांग."